कामावरून मन उडालंय? राजीनामा लिहिण्याआधी हे आठ आठवडे द्या

बॅलन्सवरचा आकडा स्थिर झाला, छोट्या प्रिंटरमधून वजनाची पावती बाहेर आली. तिच्यावर बॅच नंबर लिहायला पेन टेकवलं आणि मला आठवेना, समोरचा नमुना कुठल्या बॅचचा. अकरा वर्षं मी हेच काम करत होते. अंदाजाने नंबर लिहिणं शक्य नव्हतं. तो नमुना बाद केला, कारण रीतसर नोंदवलं आणि पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या पावतीच्या वेळीही तसंच झालं. शेजारच्या टेबलावरचा दोडामार्गचा मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, तू जरा बस. ह्या मी बघतंय."

मी गोव्यातल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांचा दर्जा तपासणाऱ्या विभागात, होते. आधीचं वर्षभर मी स्वतःला आळशी समजत होते. सकाळी कंपनीची बस दिसली की पोटात गोळा यायचा. ऑडिट जवळ आलं की सगळ्यांवर चिडचिड, ऑडिट संपलं की कशाचंच काही वाटेना. चवथीला आठ दिवस रजा घेतली, त्यातले चार दिवस झोपून काढले. परत रुजू झाल्यावर दुसऱ्याच मंगळवारी मी होते तिथेच होते. तेव्हा कळलं की नुसती सुट्टी पुरत नाही. पुढे जे केलं, त्यात जे चुकलं आणि जे जमलं, ते क्रमाने लिहिते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून, म्हणजे राजीनाम्यापासून, सुरुवात करतात.

आधी नाव नीट ठेवा

"बर्नआउट" हा शब्द हल्ली कुठल्याही थकव्याला लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचा अर्थ नेमका केला. संघटनेने त्याला आजार म्हटलेलं नाही. कामावरचा ताण दीर्घकाळ हाताळला न गेल्यामुळे येणारी, कामाशी जोडलेली अवस्था, असं म्हटलं आहे. तिच्या तीन खुणा आहेत. अंगातली शक्ती संपल्यासारखी वाटते. कामापासून मन दूर जातं, त्याबद्दल कडवटपणा येतो. आणि आपल्या हातून काम नीट होत नाही, ही भावना बळावते.

आपल्याकडे या तिन्हींसाठी शब्द आहेत: जीव मेटाकुटीला येणं, कामाचा वीट येणं, पाट्या टाकणं. तीनही लागू होतात का, हे कागदावर लिहून पाहा. फक्त पहिली खूण असेल तर बहुधा झोप, तब्येत किंवा कामाचे तास हाच प्रश्न असतो आणि तो तुलनेने लवकर सुटतो. दुसरी ठळक असेल तर कामावर कुठेतरी अन्याय किंवा अपेक्षाभंग दडलेला असतो. तिसरी असेल तर स्वतःवर निकाल देणं ताबडतोब थांबवा. थकलेल्या डोक्याने केलेलं स्वतःचं मोजमाप हमखास चुकतं.

आणखी एक भेद करावाच लागतो. कामाचा वीट आलेल्या माणसाचं मन कामाबाहेर थोडंफार तरी रमतं. गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटोळी बांधताना, तिच्यासाठी कवंडळं आणि सुपारीचे घोस निवडताना, भाचरांशी खेळताना तुम्हाला बरं वाटत असेल तर प्रश्न मुख्यतः कामात आहे. पण सण आला, माणसं आली, आवडीचं जेवण झालं आणि तरीही आत काहीच हललं नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, झोप-भूक बदलली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. मग हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच कुणाशी तरी बोला. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. गोमेकॉजवळ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळ) बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. "तिथे कोणी ओळखीचं दिसलं तर?" ही भीती मला कळते. गोवा लहान आहे, बसस्टॉपवरसुद्धा नातेवाईक भेटतो. तरीही जा. तिथे दिसलेला ओळखीचा माणूसही मदतीसाठीच आलेला असतो.

पहिला आठवडा: रक्त तपासा, झोप मोजा

ही पायरी मी स्वतः सर्वांत उशिरा केली आणि त्याची खंत आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, रक्तातली साखर एवढं तपासून घ्या. रक्त कमी असेल, थायरॉइड मंदावलं असेल किंवा बी-१२ घटलं असेल तर थकवा येतो, लक्ष लागत नाही, मन उदास होतं. माझं बी-१२ बरंच खाली निघालं. त्याने सगळा प्रश्न सुटला नाही, पण औषध सुरू झाल्यावर महिनाभरात निदान विचार करण्याइतकं डोकं हलकं झालं. कोणी जोरात घोरत असेल आणि पूर्ण झोपूनही सकाळी मरगळ असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असा वर्षानुवर्षं लपून राहतो.

झोप सात तासांच्या खाली असेल तर बाकी उपाय अर्धेच लागू पडतात. चहा-कॉफी दुपारनंतर बंद करा. कॅफीनपैकी साधारण निम्मं पाच तासांनंतरही अंगात असतं, म्हणजे सहाचा चहा अकराला जागाच असतो. रात्रपाळीवाल्यांनी घरच्यांना स्पष्ट सांगावं की सकाळी आठ ते तीन ही माझी रात्र आहे. जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत आणि कुणाकडे काय पोचवायचं ते संध्याकाळी. आपल्याकडे दिवसा झोपलेल्या माणसाला हाक मारणं कुणालाच गैर वाटत नाही, म्हणून हे तोंडाने सांगावं लागतं.

पहिले दोन आठवडे: वहीतला हिशेब

या सगळ्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट विचाराल तर मी ही सांगेन. चाळीस पानी वही घ्या. चौदा दिवस, कामाच्या दर दोन तासांनी एक ओळ. तीन गोष्टी लिहायच्या: काय केलं, कोणाबरोबर केलं आणि त्यानंतर अंगात जोर वाढला की कमी झाला. वाढला तर अधिक, घटला तर वजा, काहीच नाही तर शून्य. कारणमीमांसा लिहायची नाही. ओळ लांबली की तिसऱ्या दिवशी वही सुटते.

माझ्या वहीतल्या एका बुधवारच्या ओळी अशा होत्या:

८ ते १०, एचपीएलसी (औषधातले घटक मोजायचं यंत्र) लावलं, एकटी. अधिक.
१० ते १२, नव्या मुलीला त्या यंत्राचा कॉलम धुवायला शिकवलं. अधिक.
१२ ते २, जेवण, मग बैठक, आठ माणसं. वजा.
२ ते ४, कालचाच रिपोर्ट तिसऱ्यांदा दुरुस्त, कारण प्रत्येकाची सूचना वेगळी. वजा, वजा.
रात्री ९, ग्रुपवर उद्याच्या बॅचबद्दल बावीस मेसेज. वजा.

मी वर्षभर म्हणत होते, "मला लॅबचा कंटाळा आलाय." वहीने सांगितलं की लॅबचं काम मला अजून आवडतं. मला पोखरत होतं ते तीन वरिष्ठांच्या तीन सूचनांमध्ये एकच रिपोर्ट फिरत राहणं आणि रात्रीचा तो ग्रुप. नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत गेले असते तर हेच सामान बरोबर घेऊन गेले असते.

माझी एक मैत्रीण कळंगुटकडच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. तिला वाटायचं, पाहुण्यांच्या तक्रारी सहन होत नाहीत. तिच्या वहीत पाहुण्यांपुढे बहुतेक अधिकच निघाले. वजा होते ते पाळी आदल्या रात्री बदलण्याचे. आणि दोडामार्गच्या त्या मुलाची वही पाहिली तर दिवसभर फारसं काही नाही, सगळा वजा रोजच्या तासाभराच्या बाइक प्रवासात, त्यातही पावसाळ्यात. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीहून रोज गोव्यात येणाऱ्या मुलांच्या थकव्याचा हा भाग कोणी धरतच नाही. त्याने डिचोलीला दोघांत मिळून खोली घेतली, आठवड्यातून चार रात्री तिथे राहतो. पगाराचा थोडा भाग गेला, पण तो म्हणतो की वाचलेल्या झोपेत तो वसूल झाला.

तिसरा आठवडा: गळती कुठे आहे

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक आणि त्यांचे सहकारी मायकल लायटर यांनी बर्नआउटचा दीर्घकाळ अभ्यास केला. माणूस आणि काम यांचा मेळ कुठे बिघडतो, याच्या त्यांनी सहा जागा सांगितल्या. कामाचा बोजा. कामावरचा आपला ताबा. मोबदला, ज्यात पैशाबरोबर कौतुकही आलं. सहकाऱ्यांशी नातं. न्याय. आणि मूल्यं, म्हणजे आपण करतोय ते आपल्याला पटतं का.

वहीतल्या प्रत्येक वजासमोर या सहापैकी एक शब्द लिहा. एखाद-दोन शब्द पुन्हा पुन्हा येतील. माझ्याकडे "ताबा" सर्वांत जास्त आला, "बोजा" त्याच्या निम्माही नाही. बोजा कमी करून मागितला असता तर मिळालाही असता कदाचित, आणि उपयोग शून्य झाला असता. "मूल्यं" हा शब्द जास्त येत असेल तर मात्र मी वेगळा सल्ला देईन. जे काम खोटं वाटतं, त्यात रजा, व्यायाम, ध्यान यांनी फार तर सहन करण्याची ताकद वाढते. तिथे थेट शेवटच्या पायरीची तयारी करा, पण घाईने नको.

चौथा आठवडा: वरिष्ठांशी बोलणं

"सर, मी फार थकलेय" असं म्हणून मी एकदा केबिनमध्ये गेले होते. उत्तर मिळालं, "सगळेच थकलेत." त्यात त्यांचीही चूक नव्हती. मी त्यांच्या हातात काही दिलंच नव्हतं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा एक कागद घेऊन गेले. आठवडाभरात एक रिपोर्ट किती वेळा परत आला, त्यात किती तास गेले, त्यामुळे कुठली तपासणी लांबली. आणि एकच मागणी. मी म्हटलं, "सर, या आठवड्यात रिपोर्टच्या दुरुस्त्यांत माझे नऊ तास गेले. सगळ्यांच्या सूचना एका फाइलमध्ये एकदाच आल्या तर हे तीन तासांत होईल. महिनाभर करून बघू या का?" नकार द्यायला कठीण जावं अशी ती मागणी होती: लहान, मोजता येणारी, तात्पुरती आणि त्यांच्याही फायद्याची.

कामांचा ढीग असेल तर "मला जमणार नाही" याऐवजी यादी समोर ठेवून विचारा, "मॅडम, ही पाच कामं आहेत. दोन आज होतील. कुठली दोन आधी करू?" निवड त्यांच्याकडे गेली की उरलेल्या तीन कामांचा अपराधीपणा तुमच्या डोक्यावर राहत नाही. बोलणं झालं की दोन ओळींचा मेल टाका, "आपण ठरवल्याप्रमाणे..." एवढाच. बोलण्याची वेळही निवडा. ऑडिटच्या आठवड्यात किंवा डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात हॉटेलवाल्यांनी हा विषय काढू नये, कोणाच्याच डोक्यात जागा नसते.

माझी अर्धी मागणी मान्य झाली. सूचना एका फाइलमध्ये येऊ लागल्या, पण दोनदा. रात्रीच्या ग्रुपबद्दल कोणी काही केलं नाही. तो मी स्वतः आठनंतर म्यूट केला आणि पाळीप्रमुखांना सांगितलं, "खरंच अडलं तर फोन करा, मी उचलेन." पहिल्या दोन महिन्यांत तीन फोन आले.

पाचव्या आठवड्यापासून: काम संपल्यावर काम संपवणं

विश्रांती म्हणजे सोफ्यावर पडून फोन बघणं, हा समज मला महागात पडला. जर्मन संशोधक सबिने सोनेनटाग यांनी कामानंतर माणूस कशाने सावरतो याचा अभ्यास केला. त्यात चार गोष्टी पुढे आल्या: मनाने कामापासून सुटणं, शांत होणं, काहीतरी नवं शिकणं किंवा त्यात हात बसवणं, आणि आपला वेळ आपल्या मर्जीने घालवणं.

सुटण्यासाठी एक ठरलेली रेघ लागते. निघण्याआधी पाच मिनिटं उद्याची पहिली तीन कामं कागदावर लिहा आणि कागद ऑफिसातच ठेवा. मग वाटेत एक जागा ठरवा, जिथून पुढे कामाचा विचार बोलून दाखवायचा नाही. चोडणला राहणारी माझी एक सहकारी रायबंदरच्या धक्क्यावर फोन पर्समध्ये टाकते आणि फेरीबोट पलीकडे लागेपर्यंत कठड्याशी उभी राहून नुसतं पाणी बघते. माझी जागा म्हणजे आमच्या वाड्यावरचा वडाचा पार. चप्पल काढून दोन मिनिटं बसते, मग घर.

शिकण्याच्या बाबतीत गोव्यात राहणारे आपण नशीबवान आहोत. गावोगाव भजनी मंडळं आहेत, जत्रेला नाटक बसवायची प्रथा आहे. मी पंधरा वर्षांनी पुन्हा तालमीला गेले. छोटी भूमिका, सात वाक्यं. पण तिथे मला कोणी बॅच नंबर विचारत नव्हतं आणि चुकलं तर हसून पुन्हा करायचं होतं. दिवसभर ज्या हातांवरचा विश्वास उडाला होता, तो संध्याकाळी थोडा थोडा परत आला. हार्मोनियम असो, झाडं लावणं असो की पोहणं, ज्यात आपण हळूहळू सुधारतो असं काहीतरी एक हवं.

रजेबद्दलही सांगते. लांब सुट्टीने आलेली टवटवी परतल्यावर काही आठवड्यांत ओसरते. सगळी रजा चवथीसाठी राखून ठेवण्यापेक्षा दर पाच-सहा आठवड्यांनी एक सुटा दिवस घ्या आणि त्या दिवशी बँक, आधार, गॅस असलं काही लावू नका. पर्यटनातल्या लोकांना ऑक्टोबर ते मार्च हे अवघड जातं. त्यांनी जून-जुलैत मोठी विश्रांती घ्यावी आणि हंगामात निदान आठवड्याच्या सुट्टीला हात लावू देऊ नये.

मन लागत नाही तोवर काय?

उत्साह आला की सुरू करू, असं म्हणत मी सहा महिने एक फाइल बाजूला ठेवली होती. उत्साह बहुतेकदा कामानंतर येतो, आधी नाही. यामागचं शास्त्र आपल्या गोव्यातच तपासलं गेलं आहे. १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर समुपदेशनाचा एक कार्यक्रम राबवला. सामान्य, प्रशिक्षण दिलेली माणसं सहा ते आठ बैठका घेत. गाभा एवढाच की मन सुधारायची वाट न पाहता, ज्यातून समाधान मिळायचं अशा छोट्या कृती ठरवून पुन्हा सुरू करायच्या. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि परिणाम चांगले दिसले. तो नैराश्यासाठी होता हे लक्षात ठेवा, पण पद्धत थकलेल्या नोकरदारालाही वापरता येते.

कशी? रोज सकाळी, डोकं ताजं असताना, टाळलेलं एक काम दहा मिनिटं. फोनवर वेळ लावा. दहा मिनिटांनी थांबायची मुभा खरीच ठेवा, नाहीतर मन दुसऱ्या दिवशी विश्वास ठेवणार नाही. त्या फाइलचं पहिल्या दिवशी मी फक्त पानं क्रमाने लावली. नवव्या दिवशी ती संपली.

दुसरं, वहीतले अधिक वाढवा. मला शिकवण्यात अधिक मिळायचे, म्हणून नव्या मुलांचं प्रशिक्षण मी मागून घेतलं. कामाचं वर्णन तेच राहिलं, आठवड्यातले चार तास बदलले. ते चार तास बुधवारी होते आणि बुधवार मला वेगळा वाटू लागला.

घरच्यांसाठीही एक विनंती. "सगळ्यांनाच त्रास असतो" आणि "सरकारी नोकरी लागली असती तर" ही दोन वाक्यं कृपा करून टाळा. दुसरं तर गोव्यातल्या प्रत्येक घरात उच्चारलं जातं आणि ते ऐकणाऱ्याला आपलं आजवरचं सगळं काम वाया गेल्यासारखं वाटतं. माझ्या आईने एका रात्री काही न विचारता दुसऱ्या दिवशीचा डबा भरून ठेवला. तेवढं पुष्कळ होतं.

आठवा आठवडा: राहायचं की जायचं

आता पुन्हा सात दिवस वही लिहा आणि पहिल्या वहीशी ताडून बघा. वजा कमी झाले असतील, अगदी थोडे का होईना, तर आणखी तीन महिने द्या. मागणी मांडूनही काही हललं नसेल, अपमान किंवा छळ होत असेल, किंवा काम मनाला खोटं वाटत असेल, तर निघायची तयारी करा. लैंगिक छळ असेल तर अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करायचा हक्क आहे, त्यासाठी आठ आठवडे थांबू नका.

तयारी म्हणजे पैशांचा आकडा. घराचा महिन्याचा खर्च आणि कर्जाचा हप्ता मिळवून त्याच्या सहापट रक्कम हाताशी असावी, निदान तीनपट. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थांबणं फायद्याचं ठरू शकतं. पीएफ काढून खर्चू नका, नव्या नोकरीत त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) वळवून घ्या. पाच वर्षांच्या आत काढला तर करही लागू शकतो. नोटीसचे दिवस आणि शिल्लक रजा यांचा हिशेब नेमणूकपत्रात पाहा. आणि राजीनामा पगाराच्या दिवशीच्या रागात किंवा रात्री अकरानंतर पाठवू नका. लिहून ठेवा, तीन सकाळी वाचा.

मी राहिले. आठवड्याचे चार तास पुढे दहा झाले आणि गेल्या वर्षी माझा विभाग बदलून प्रशिक्षणाकडे आला. माझी मैत्रीण मात्र गेली. हॉटेल सोडून म्हापशाला एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत लागली. पगार कमी, पण पाळी महिनाभर आधी ठरलेली असते.

वही अजून माझ्याकडे आहे. दर तीन महिन्यांनी एक आठवडा लिहिते. मागच्या वेळी तीन दिवस सलग दुपारी वजा आले, तेव्हा तपासलं तर मी जेवण टेबलावरच, स्क्रीनसमोर उरकू लागले होते. आता डबा घेऊन खाली कॅन्टीनला जाते.